फ्रेंच नावांचे ॲप : अर्थ गोड केलेला, उच्चार मात्र खरा

पहिले बाळंतपण माहेरी करायचे या रिवाजाप्रमाणे आमची मुलगी सातव्या महिन्यात पुण्याहून आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावी आली, तेव्हा तिच्या मोबाइलमध्ये बाळांच्या नावांचे एक ॲप होते. त्यातल्या साध्या याद्या फुकट दिसतात. परंतु ‘फ्रेंच नावे : अर्थ आणि उगम’ हा विभाग उघडायला महिन्याला १४९ रुपये वर्गणी पडते. ती जावईबापूंनी भरली होती, कारण ते एका फ्रेंच कंपनीत नोकरीला आहेत आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि कंपनीतल्या परदेशी साहेबांना सारखेच घेता येईल असे नाव त्यांना हवे होते. पुढचे तीन महिने हे ॲप त्या दोघांपेक्षा मीच अधिक वापरले. ग्रामसेवक म्हणून मी २८ वर्षे नोकरी केली आणि तेवढी वर्षे निरनिराळ्या गावांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या लिहिल्या, त्यामुळे नाव हा माझ्यासाठी हौसेपेक्षा रकान्याचा विषय राहिला आहे. बाळाचे नाव ठरवण्यासाठी पैसे भरून घ्यावी अशी ही सेवा आहे का, या प्रश्नाचे माझे उत्तर पुढे दिले आहे.

ॲपचे नाव येथे मुद्दाम देत नाही. वर्गणीविषयीची आमची तक्रार अजून निकाली निघालेली नाही, आणि या जातीच्या ॲपांमध्ये एकमेकांच्या याद्यांची उसनवारी इतकी चालते की एकाबद्दल लिहिलेले बहुधा दुसऱ्यालाही लागू पडावे.

आधी चांगले सांगतो. ॲप उघडले की वर अक्षरांची पट्टी दिसते. अक्षर दाबले की त्या अक्षराची नावे देवनागरीत येतात आणि प्रत्येक नावाखाली एका ओळीत अर्थ, दुसऱ्या ओळीत उगम आणि शेवटी कर्ण्याचे चिन्ह असते, जे दाबल्यावर नावाचा उच्चार ऐकू येतो. जन्माक्षरावरून नाव शोधण्याची वेगळी सोय आहे. नक्षत्र आणि चरण निवडला की अवकहडा चक्रातले अक्षर आपोआप पुढे येते. स्वातीच्या दुसऱ्या चरणाला ‘रे’ आले, ते मी घरच्या पंचांगाशी ताडून पाहिले आणि बरोबर निघाले. फ्रेंच नावांना अवकहडा चक्र लावण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याला बारशाच्या आधी आपल्या घरांत होणारी बोलणी चांगलीच माहीत असली पाहिजेत. आमच्या गावात नेटवर्क मारुतीच्या पारावर येते आणि घरात जाते. तरी एकदा उघडलेली यादी घरातही दिसत राहते, फक्त उच्चार ऐकायला पारावर जावे लागते. पंधरा दिवस मी संध्याकाळी पारावर बसून कानाला फोन लावून परदेशी नावे ऐकत होतो, आणि त्यामुळे गावात माझ्याविषयी जे बोलले गेले ते येथे लिहिण्याची गरज नाही.

गडबड आहे ती अर्थाच्या ओळीत. ‘शाँताल’ हे मुलीचे नाव मला पहिल्याच दिवशी दिसले, आणि त्याखाली अर्थ दिला होता ‘मधुर गीत’. फ्रेंच भाषेत गाण्याला ‘शाँ’ म्हणतात, त्यावरून कोणीतरी हा अर्थ जुळवला असावा. पण हे मुळात गावाचे, जहागिरीचे नाव आहे, आणि त्याच्या मुळाशी दक्षिण फ्रान्सच्या बोलीतला दगडाला असलेला शब्द आहे. जीन नावाच्या एका बाईचे सासर शाँतालच्या जहागीरदाराचे होते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर तिने संत फ्रान्सिस द साल यांच्याबरोबर १६१० मध्ये आन्सी या गावी संन्यासिनींचा संघ स्थापन केला. पुढे तिला संतपद मिळाले आणि तिच्या सासरचे हे नाव विसाव्या शतकात फ्रान्समधल्या मुलींना ठेवले जाऊ लागले. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर ज्या संताच्या नावाचे महाविद्यालय आहे तो हाच फ्रान्सिस. आमच्या भागातली कितीतरी मुले तिथे शिकून आली. त्यातल्या एखाद्याने आपल्या मुलीसाठी हे ॲप उघडले, तर त्याच्या कॉलेजच्या नावाशी जोडलेले हे नाव त्याला केवळ ‘मधुर गीत’ म्हणून दाखवले जाईल. खरा अर्थ सांगितला असता तर काय बिघडले असते? आमच्या वह्यांत धोंडाबाई आणि दगडाबाई यांच्या नोंदी मी स्वतः पाहिल्या आहेत, आणि त्या बायांच्या संसारात नावावाचून काही अडले नाही.

‘क्लोद’ या नावाचेही तसेच झाले आहे. ॲपमध्ये त्याचा अर्थ ‘तेजस्वी’ असा दिला आहे. हे नाव रोमन लोकांच्या क्लॉडियस या कुळनावावरून आले आणि लॅटिन भाषेत ‘क्लाउदुस’ म्हणजे लंगडा. ‘सेसील’ समोर ‘स्वर्गीय संगीत’ लिहिले आहे, ते बहुधा संत सेसिलिया ही संगीतकारांची आश्रयदाती मानली जाते म्हणून. शब्दाचे मूळ मात्र ‘आंधळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे नेले जाते. ‘ब्लेझ’ म्हणजे बोबडा. ॲपने त्याला ‘मधुरभाषी’ केले आहे, ही सुधारणा वाचून मी एकटाच हसलो. महादजी शिंद्यांची कवायती फौज ज्याने उभी केली तो द बॉइन याचे जन्मनाव बनवा लबॉर्न्य असे होते आणि त्या आडनावाचा अर्थ ‘एकाक्ष’ असा होतो. त्याने पुढे ते बदलून भारदस्त करून घेतले. तो माणूस स्वतःचे आडनाव बदलत होता, त्याचा त्याला अधिकार होता. इथे ॲप लोकांच्या नावांचे अर्थ त्यांना न विचारता बदलते आणि वर त्याचे १४९ रुपये घेते.

हा मुद्दा मला एवढा का लागला ते सांगायला हवे. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या ताब्यात आलेल्या जुन्या वह्यांमध्ये उकंडराव हे नाव अनेकदा येत असे. ज्या घरात मुले जगत नसत, त्या घरात नव्याने झालेले मूल उकिरड्यावर ठेवून मग उचलून आणायचे, म्हणजे ते टाकलेले मूल आहे असे समजून दृष्ट लागणार नाही आणि काळही त्याच्याकडे पाहणार नाही, अशी त्यामागे समजूत होती. कचरू, धोंडू, दगडू ही नावेही त्याच भीतीतून आलेली आहेत. एका वहीत एकाच बापाच्या नावापुढे तीन वर्षांत तीन जन्म आणि तीन मृत्यू होते, आणि चौथ्या जन्मापुढे ‘उकंडा’ असे लिहिलेले होते. त्या नावाचा अर्थ कोणी ‘समृद्ध भूमी’ असा करून दिला, तर त्या बाईने काय सोसले ते सगळे पुसले जाईल. नावाचा अर्थ छान नसला तरी तो कुठून आला हे कळणे हीच उगमाच्या रकान्याची किंमत असते, आणि हे ॲप नेमका तोच रकाना विकते आहे.

जिथे मूळ अर्थच चांगला आहे, तिथे अर्थातच ॲपची चूक होत नाही. ‘एमे’ म्हणजे जिच्यावर प्रेम केले गेले अशी, आणि ‘देझिरे’ म्हणजे जिची इच्छा धरली होती अशी मुलगी. ज्या राज्यात मुलींची नावे ‘नकुशी’ ठेवली जात होती आणि २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २०० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे द्यावी लागली, तिथे ‘देझिरे’ या नावाचा अर्थ वाचून मी थोडा वेळ थांबलो. ‘क्लोए’ हे मला सगळ्यांत आवडलेले नाव. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हिरवा कोंब, आणि डिमिटर या धान्यदेवतेला त्या नावाने आळवत असत. मी हे वाचले त्या आठवड्यात मृगाने दगा दिल्यामुळे आमच्या धुऱ्यालगतच्या चार एकरांत सोयाबीनची दुबार पेरणी झाली होती आणि दुसऱ्या पेरणीचे दोन पानांचे कोंब नुकतेच माती फोडून वर आले होते. वाकून पाहिले तर एकेका कोंबाच्या डोक्यावर बियाण्याचे फोलपट अजून टोपीसारखे अडकलेले होते. मुलीला मी हे नाव सुचवले. तिने ते दोन वेळा मोठ्याने म्हणून पाहिले आणि शाळेत पोरे ‘क्लोरीन’ म्हणतील म्हणून नाकारले. तिचे म्हणणे खरे होते.

दुसरी त्रुटी उगमाच्या ओळीत आहे. जवळजवळ प्रत्येक नावासमोर ‘उगम : फ्रेंच’ एवढेच लिहिलेले आहे, आणि तेवढ्याने वाचकाला काहीच कळत नाही. ‘सोफी’ आणि ‘झोए’ ही ग्रीक नावे आहेत, एकीचा अर्थ शहाणपण आणि दुसरीचा जीवन. ‘मारी’, ‘मिशेल’, ‘झाँ’ ही हिब्रू नावे ख्रिस्ती धर्माबरोबर आली. अठराव्या लुईपर्यंत राजांना पुरलेले ‘लुई’ हे नाव तर जर्मन वंशाच्या फ्रँक टोळ्यांचे आहे; कीर्ती आणि लढाई या दोन शब्दांपासून ते बनले, आणि जर्मनीतला लुडविग व फ्रान्सचा जुना राजा क्लोव्हिस हे दोघे त्याच नावाचे भाऊ आहेत. ‘शार्ल’ हेही जर्मनच, अर्थ साधा ‘पुरुष, माणूस’. ‘आमेली’च्या मुळाशी कष्ट, उद्योग असा अर्थ असलेला जर्मन शब्द आहे, आमच्या सौभाग्यवतींना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या की ते नाव मग गावातल्या प्रत्येक बाईला चालेल. फ्रेंचांचे स्वतःचे म्हणावे असे जे आहे, ते नावांना लावलेले लाडाचे शेपूट. मारीची मानों होते, आनची आनेत होते, झॉर्झची झॉर्झेत होते.

या शेवटच्या नावाबद्दल ॲपमध्ये फक्त ‘सुंदर स्त्री’ असे लिहिले आहे आणि ती मला सर्वांत मोठी गमावलेली संधी वाटते. ग्रीक भाषेत ‘गेओर्गोस’ म्हणजे जमीन कसणारा, शेतकरी. त्यावरून जॉर्ज, फ्रेंचमध्ये झॉर्झ, आणि त्याचे मुलीचे लाडाचे रूप झॉर्झेत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला झॉर्झेत द ला प्लांत नावाच्या फ्रेंच शिवणकारिणीच्या नावावरून एका झिरझिरीत कापडाला हे नाव मिळाले, आणि तेच आपले जॉर्जेट. म्हणजे लग्नाच्या हंगामात आर्णीच्या बाजारात साडीच्या दुकानात पायावर पाय टाकून ‘जॉर्जेटमधे दाखवा’ असे म्हणणारी प्रत्येक बाई एका फ्रेंच मुलीचे नाव घेत असते, आणि त्या नावाचा अर्थ ‘लहानगी शेतकरीण’ असा आहे. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला एवढे सांगितले असते तर वर्गणी तिथेच फिटली असती.

आता उच्चाराकडे येतो, कारण या ॲपमध्ये पैसे देण्याजोगी वस्तू तीच आहे. नावे कोणा फ्रेंच बाईच्या आवाजात मुद्रित केलेली आहेत, आवाज संथ आहे आणि प्रत्येक नाव दोनदा म्हटले आहे. कागदावर जे असते ते फ्रेंच माणूस तोंडाने म्हणत नाही, हे मी या तीन महिन्यांत शिकलो. शेवटचे व्यंजन बहुधा गिळले जाते, त्यामुळे मार्गोतला शेवटचा ट, लुईतला शेवटचा स हे लिहायचे आणि विसरायचे. ‘र’ घशातून येतो, तो आपल्याकडून होणे नाही. ‘झाँ’, ‘बाँझामाँ’ यांतले अनुनासिक मात्र मराठी माणसाला जड जाऊ नयेत; कोकणातल्या माणसाला तर मुळीच नाही. मला खरी मौज वाटली ती ‘मिरेय’, ‘कामीय’ आणि ‘गियोम’ या नावांची. यांत लिहिताना दोन ल लिहितात आणि बोलताना य म्हणतात. हे ऐकून मी आमच्या शेजारच्या गुरुजींना म्हटले की फ्रेंच लोकही वऱ्हाडीच बोलतात. आम्ही वहीत ‘शाळा’ लिहितो आणि तोंडाने ‘शाया’ म्हणतो, ‘डोळा’ लिहून ‘डोया’ म्हणतो. आयुष्यभर पुण्या-मुंबईच्या लोकांनी याबद्दल आम्हाला नावे ठेवली, आणि तिकडे पॅरिसमध्ये त्याला डौल म्हणतात.

उच्चारातही एक खोट आहेच. देवनागरीत लिहिलेले नाव आणि कानावर पडणारे नाव जुळत नाहीत, कारण लिखाण इंग्रजी स्पेलिंगवरून उतरवले आहे आणि ध्वनी खऱ्या फ्रेंच बोलणाऱ्या बाईचा आहे. ‘गिलाउमे’ असे लिहून ‘गियोम’ ऐकवले तर वाचणाऱ्याने कोणाचे खरे मानायचे? माझा सल्ला असा की अक्षरांकडे पाहू नये, डोळे मिटून कर्णा दाबावा. स्थानिक जीभ परक्या नावाचे काय करते ते तर कोणतेच ॲप सांगणार नाही. वऱ्हाडाचा बराच भाग निजामाकडे होता त्या काळात रेमों नावाचा एक फ्रेंच सेनानी निजामाच्या चाकरीत होता. तो १७९८ मध्ये वारला, पण लोकांनी ‘मुस्यू रेमों’चा मूसा राम आणि मूसा रहीम कधीच करून टाकला होता, आणि हैदराबादेतल्या मूसारामबागेत तो अजून तसाच राहिला आहे.

कायद्याबद्दल या ॲपमध्ये एक ओळही नाही, आणि ज्याने जन्म वही लिहिली त्याला ही उणीव खटकल्याशिवाय राहत नाही. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने असा नियम केला की मुलाला पंचांगातली, म्हणजे व्यवहारात बहुतांशी संतांच्या दिनदर्शिकेतली, किंवा प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींचीच नावे ठेवता येतील, आणि दुसरे नाव नोंदवायला नोंदणी अधिकाऱ्याने नकार द्यावा. तिथल्या नावांत एवढा सारखेपणा का, लाखो मारी आणि झाँ का, याचा उलगडा या एका नियमाने बराचसा होतो. जन्मदिवसाबरोबर नावाचाही दिवस पाळायचा रिवाज त्याच दिनदर्शिकेतला; नाताळात झालेल्या मुलाला ‘नोएल’ म्हणणे म्हणजे आमच्याकडची दिवाळीबाईच. नियम पुढे सैल होत गेला आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने नावाची निवड आईबापांकडे आली. तरीही नावाने बाळाचे नुकसान होईल असे अधिकाऱ्याला वाटले तर तो सरकारी वकिलाला कळवतो आणि प्रकरण न्यायाधीशापुढे जाऊ शकते. २०१५ च्या जानेवारीत गाजलेल्या अशाच एका प्रकरणात उत्तर फ्रान्समधल्या व्हालाँसिएनच्या न्यायालयाने मुलीचे ‘न्यूटेला’ हे नाव फेटाळले, आणि आईबाप सुनावणीला आलेच नाहीत म्हणून तिचे नाव ‘एला’ असे ठरवून टाकले. मला असा काही अधिकार नव्हता. आईबापांनी जे सांगितले ते मी लिहीत असे, आणि काही वेळा, खरे सांगायचे तर, पेन थोडा वेळ हवेत धरून ‘पुन्हा विचार करता का’ असे विचारत असे. आपल्याकडे १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण नाव तेव्हाच दिले पाहिजे असे नाही. ते १२ महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून चढवता येते. फ्रान्समध्ये पाच दिवसांत नोंद करावी लागते. बारावे किंवा तेरावे बारसे मानणाऱ्या आपल्या लोकांना तो कायदा परवडला नसता.

बाळ झाले ते स्वाती नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर, म्हणून ‘रे’. ॲपमध्ये ‘रे’ दाबल्यावर पहिलेच नाव आले ‘रेने’, अर्थ ‘पुनर्जन्म’, बाजूला कमळाचे चित्र. या नावाचा अर्थ ॲपने बदललेला नाही, फक्त निम्मा सांगितला आहे. लॅटिन ‘रेनातुस’ म्हणजे पुन्हा जन्मलेला. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी हे नाव घेतले ते बाप्तिस्मा हा माणसाचा दुसरा जन्म मानून. आपल्या पुनर्जन्माशी त्याचा संबंध नाही, कमळाशी तर अजिबात नाही. हे सगळे मी ओसरीवर बसून समजावून सांगत असताना आमच्या मोठ्या माय, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या पत्नी, वय ८४, गहू निवडता निवडता ऐकत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले आणि विचारले, “पुन्हा जन्मली म्हंता, मंग कोन वापस आलं ते सांगा ना!” माझी आई मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गेली. घरात माणूस गेल्यावर वर्षाच्या आत मूल झाले तर आमच्याकडे कोणी ‘पुनर्जन्म’ असा शब्द वापरत नाही, नुसते ‘माय वापस आली’ म्हणतात. त्यानंतर कोणी दुसरे नाव सुचवले नाही.

अडचण पंचांगवाल्या महाराजांनी काढली. जावईबापूंनी त्यांना हौसेने कर्णा दाबून उच्चार ऐकवला, आणि त्या फ्रेंच बाईने स्पष्टपणे ‘रने’ म्हटले. महाराज म्हणाले की हे तर ‘र’ झाले, म्हणजे चित्रा नक्षत्र, तुम्ही लिहिता एका नक्षत्रावर आणि बोलता दुसऱ्या. बराच वेळ कर्णा पुन्हा पुन्हा दाबला गेला. शेवटी महाराजांनीच निकाल दिला, “लिहा ‘रे’नं आन् बोलवा तुमाले जसं जमते तसं.” बारशाला आत्याबाईंनी कानात कुर्रर्र करून ‘रेने’ असे नाव ठेवले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, आणि पाळण्याजवळच्या बायांनी ते ‘रेणे’ असे ऐकून लगेच रेणुका करून टाकले, कारण पैनगंगेपलीकडे माहूर आहे आणि रेणुकामाता आमची कुलदेवता आहे. आता घरात ‘रेणू’ चालते. जावईबापूंच्या साहेबांनी व्हिडिओ कॉलवर ‘रने’ म्हटले. बाळाला दोन्हींपैकी कशाचेच काही वाटलेले दिसत नाही.

प्रत्यक्ष कागदावर नाव चढवताना मात्र ॲपने सांगायला हवी होती अशी एक गोष्ट आम्हाला स्वतः निस्तरावी लागली. फ्रेंचमध्ये हे नाव मुलाचे असेल तर शेवटी एक ई आणि मुलीचे असेल तर दोन, उच्चार दोन्हींचा अगदी सारखा, आणि पहिल्या ईवर एक तिरपी रेघ असते. ॲपमध्ये मुलीच्या यादीत मुलाचे स्पेलिंग आहे. दाखल्यासाठी नाव देताना मी आधी ते कागदावर ठळक लिहून दिले, रेघेचा आग्रह धरला नाही, कारण पुढे आधार, शाळा आणि बँक अशा तीन ठिकाणी तीन जण ती तीन प्रकारांनी गाळणार हे मला अनुभवाने माहीत आहे. संगणकावर बसलेल्या मुलाने तरीही एक ई कमी टाकला होता. छापण्याआधी पडद्यावर अक्षरन् अक्षर वाचून घ्यावे, ही सूचना सगळ्याच नावांना लागू आहे, रेणुकालासुद्धा.

राहिला पैशाचा हिशेब. आमचे काम एका महिन्यात झाले असते, पण वर्गणी आपोआप पुढे सुरू राहण्याची खूण आधीच केलेली असते आणि ती काढण्याची जागा चार पडद्यांच्या आत दडलेली आहे. त्यामुळे तीन वेळा १४९ रुपये गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याचे पैसे परत मागणाऱ्या अर्जाला ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असे उत्तर मिळाले. ज्यांना खरोखर फ्रेंच नाव ठेवायचे आहे त्यांनी उच्चारासाठी एक महिन्याची वर्गणी घ्यावी, पहिल्याच दिवशी ऑटोपे बंद करावे, मुलाच्या आणि मुलीच्या स्पेलिंगमधला फरक दुसरीकडे तपासून घ्यावा आणि अर्थाच्या ओळीवर विसंबून कोणाला पेढे वाटू नयेत. ज्यांना फक्त वेगळे, आधुनिक वाटणारे नाव हवे आहे त्यांनी हा खर्च करू नये. फुकट यादीतली अर्धी नावे या सशुल्क विभागात तशीच ‘फ्रेंच’ म्हणून पुन्हा टाकलेली आहेत. पाचपैकी मी दोन तारे दिले आहेत, त्यातला दीड तारा त्या संथ आवाजाच्या बाईंचा आहे.

शाँताल, क्लोद आणि झॉर्झेत या तीन नावांच्या दुरुस्त्या मी जुलैमध्ये लिहून पाठवल्या होत्या. वर्गणी बंद झाली तरी ‘आजचे नाव’ असा संदेश रोज सकाळी सात वाजता फोनवर येतो, आणि आज रेणूला उन्हात घेऊन बसलो असताना आलेला संदेश होता : ‘शाँताल, मधुर गीत.’